मातीत मारलेल्या गोळ्या

"...मग ही बंदूक गोळ्या थुंकायला का लागलीय, वस्ताद?"

वस्ताद सीताफळ खात होते. बी तोंडात घोळवली, मुठीत काढली, पुढची पाकळी उचलली.

शर्वाणीनं हातातलं कार्ड त्यांच्या नाकापुढं धरलं. मधला काळा गोल जिथल्या तिथं, आणि भोकं मात्र चहूकडं. सुपातून नाचणी उडावी तशी.

"बघा तरी!"

"बघितलं."

"ह्याच बंदुकीनं, ह्याच हातानं, दसऱ्याच्या आधी सगळ्या गोळ्या एका भोकात घातल्या होत्या मी. शर्टाच्या बटणाखाली झाकलं असतं ते भोक."

"व्हय."

"आणि परवा पुण्याला निवड आहे."

"व्हय."

"व्हय काय व्हय! काहीतरी बोला की!"

"गोड हाय," वस्ताद म्हणाले. "खातीस?"

आता ही शर्वाणी इंगवले म्हणजे काही ऐरीगैरी पोर नव्हे. कागलपासून कोल्हापूरपर्यंत पालथं पडून नेम धरणाऱ्या पोरींत तिचं नाव पहिलं, आणि ते तिला ठाऊकही होतं. नाकावर माशी बसायची तर तिनं आधी परवानगी काढावी, असा तोरा. पण राज्याच्या संघाचं म्हणाल तर दोनदा अगदी केसानं हुकलेली. यंदा संघातल्या साऱ्या जागा भरल्या होत्या, एक सोडून. ती जागा तिनं स्वप्नात इतक्या वेळा मिळवली होती, की जागेपणी ती दुसऱ्या कुणाला जाईल हे मनाला शिवलंच नव्हतं.

कालपर्यंत.

आणि वस्ताद म्हणजे मकबूल शिकलगार. बापजाद्यांनी तलवारींना धार लावली, ह्यांनी पोरांच्या नजरेला. गावाबाहेर बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत त्यांची रेंज. ह्या टोकाला पत्र्याखाली चटया, त्या टोकाला कार्डं, आणि कार्डांमागं तांबड्या मातीचा भलाथोरला ढीग, गोळ्या गिळायला. त्या खाणीतून देशाच्या संघात पोरं गेली होती. म्हणून शर्वाणी त्यांच्यापुढं बसली होती. नाहीतर ती कुणापुढं बसणारी नव्हे.

"गोळ्या खराब आहेत," ती म्हणाली.

"कंच्या?"

"सगळ्याच."

"सगळ्याच!"

"आपल्या रेंजवरच्या देशी मारल्या, थुंकल्या. पप्पांच्या मित्रानं धाडलेल्या मारल्या, त्याही थुंकल्या. शेवटी ह्या फोडल्या," तिनं निळी डबी पुढं केली, "जगात पहिली आलेली बाई हीच गोळी वापरते. मुद्दाम मागवलीय. तीही थुंकली! चार मारायच्या, बघायचं, की दुसरी जात घ्यायची. सकाळपासून हेच चाललंय माझं."

"म्हंजे एकाच्या उष्ट्या पानावर दुसऱ्याला वाढलंस."

"काय?"

वस्ताद पुन्हा सीताफळाकडं वळले.

ही बंदूक म्हणजे काही वाघ मारायची नव्हे. बारीक नळीची, आणि गोळी करंगळीच्या पेराएवढी. मोठ्या काडतुसाला बुडाशी मधोमध टिकली असते, घाव त्या टिकलीवर बसतो. ह्या गोळीला टिकलीच नाही. हिचा पेटता मसाला बुडाच्या कडेत, गोल फिरवून भरलेला. घाव कडेवर बसतो. आणि करंजीची कड एका हातची दुसऱ्या हातासारखी कधी झालीय का? म्हणून ही गोळी भारी खोडकर. त्यात तिच्या शिशाच्या टोकावर मेणाचा हात फिरवलेला. नळीतून जाताना थोडं मेण ती मागं ठेवून जाते, मागून येणारीसाठी. मागची तिच्याच जातीची असली तर सरळ जाते, परजातीची असली तर भरकटते.

हे शर्वाणीला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

"खंडेनवमीला काय केलंस?" वस्तादांनी विचारलं.

"काय म्हणजे? पूजा केली. शस्त्र आहे, पुजायला नको?"

"पुजावं की. मी हितं न्हवतो, लेकीकडं मिरजेला होतो. सांग, कशी केलीस?"

तिला तेवढंच हवं होतं. पितळी ब्रश घेतला, औषध ओतलं, नळी आतून घासघास घासली. चिंधी काळी आली, पुन्हा घासली. पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत हात थांबवला नाही. नळीतून सूर्याकडं बघितलं तर आत ताटासारखा लखलखाट. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, वर आपट्याचं पान.

"गल्लीत कुणाच्या घरी अशी पूजा झाली नाही," ती म्हणाली.

"झाली नसंलच." वस्तादांनी हात धुतले. "आईनं दसऱ्याला तवा घासला का गं?"

"कसला तवा?"

"बिडाचा. आंबोळीचा."

"तो कुणी घासतं का? घासला की पहिल्या आंबोळ्या सगळ्या चिकटून..."

ती थांबली.

वस्ताद तिच्याकडं बघत होते.

पण तोरा म्हणजे तोरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिनं मान झटकली.

"बंदूक म्हणजे तवा नव्हे, वस्ताद. जर्मन आहे ती."

"मग जर्मन आंबोळी करू," वस्ताद म्हणाले, आणि उठले. "आण तुज्या समद्या गोळ्या."

ते गोळ्या घेऊन आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात थाळा, थाळ्यात चार पितळी वाट्या, आणि वाट्यांत गोळ्या. प्रत्येक वाटीखाली तिची रिकामी डबी, फडक्यात गुंडाळलेली. कुठल्या वाटीत कुठली जात, दिसायला मार्ग नाही. सगळ्यांची टोकं शिशाची, सगळ्यांची अंगं पिवळी.

"पड पालथी. पहिली वाटी."

शर्वाणीनं जाकीट आवळलं, पट्टा दंडात अडकवला, पालथी पडली. डोळा नेमाला लावला, आणि तशीच मान वर काढली.

"वस्ताद, तिकडं कार्डच नाही!"

"काढलंय मी."

"मग मारू कशावर?"

"मातीवर."

"मातीवर कुठं?"

"मातीवर."

तिला वाटलं थट्टा आहे. मग वस्तादांचं तोंड बघितलं, आणि कळलं की थट्टा नाही. तेव्हा मात्र तिचा पारा चढला. असा चढला की तोंडावरचा ताबाच सुटला.

"परवा निवड, आणि मी मातीत गोळ्या घालू? एकेक गोळी कुठून कुठून आणलीय माहीत आहे? लोक म्हणतात ते खोटं नाही. वस्ताद आता म्हातारे झाले, म्हणतात!"

बोलून गेली, आणि पत्र्याखालची हवा एकदम जड झाली...

"मग काय खोटं बोलत्यात?" वस्ताद म्हणाले. "झालोच की म्हातारा. मार."

तिनं मारली. रागानं मारली. पलीकडं ढिगातून मातीचा एक भपकारा उठला आणि खाली बसला. दुसरी मारली. तिसरी. सगळ्या रागाच्याच.

पण राग तरी किती वेळ टिकणार? रागालाही समोर काहीतरी लागतं. इथं गोल नाही, आकडा नाही, कुणी वाहवा करायला नाही, कुणी हसायला नाही. नुसती माती. हळूहळू तिचा खांदा सैल झाला. श्वास आपला आपण येऊ-जाऊ लागला. बोट घोड्यावर असं टेकलं, जसं झोपलेल्या लेकराच्या गालावर टेकावं. कितव्या गोळीला असं झालं ते तिला कळलं नाही, कारण तिनं मोजलंच नव्हतं.

"आता कार्ड," वस्ताद म्हणाले.

त्याच वाटीतल्या उरलेल्या गोळ्या कार्डावर मारल्या. मग दुसरी वाटी. पुन्हा आधी माती, मग कार्ड. तिसरी वाटी. चौथी. दर वाटीला माती आधी. उन्हं पत्र्यावरून सरकून खाणीच्या कडेला गेली. शर्वाणीची कोपरं सोलून निघाली, पण तोंडातून ब्र निघाला नाही.

वस्तादांनी चारी कार्डं जमिनीवर ओळीनं मांडली आणि ज्या त्या कार्डावर ती ती वाटी ठेवली.

पहिल्या वाटीचं कार्ड विस्कटलेलं. दुसरीचं बरं, घरी दाखवण्याजोगं. चौथीचं उभं पसरलेलं, जशी वाळत घातलेली मिरची.

आणि तिसरीचं...

तिसरीचं एकच भोक. कडा खाल्लेलं, वाटोळं, मधोमध.

शर्वाणी खाली बसली. कार्ड हातात घेऊन उन्हाला धरलं. भोकातून उजेड तिच्या गालावर पडला. दसऱ्याच्या आधीचं भोक ह्याच्यापुढं ढगळ म्हणायचं.

"कळलं मला," ती हळूच हसली. "तुम्हां गुरुलोकांची खोड मला ठाऊक आहे."

"कसली खोड?"

"ही तिसरी वाटी म्हणजे आपली देशी गोळी. स्वस्तातली. महागाची ती फोल आणि गरिबाची ती खरी, हेच शिकवायचं होतं ना? मग मला गप मान खाली घालावी लागणार. घातली, बघा!"

तिनं खरंच मान खाली घातली. थोडी ऐटीतच.

वस्तादांना हसू फुटलं. असं फुटलं की ठसका लागला, आणि तिलाच उठून तांब्या आणून द्यावा लागला. पाणी पिऊन त्यांनी तिसरी वाटी उचलली, खालचं फडकं सोडलं.

निळी डबी.

जगात पहिली आलेल्या बाईची निळी डबी!

"बघा!" शर्वाणी उडालीच. "मी म्हणतच होते! चांगल्याला चांगलंच लागतं! आता तरी माना!"

वस्तादांनी मान डोलावली. मग चौथी वाटी उचलली, मिरचीसारख्या पसरलेल्या कार्डावरची, आणि तिचंही फडकं सोडलं.

निळी डबी.

तेच नाव, तीच अक्षरं, तोच रंग. असल्या डब्यांचे दोन खोके तिनंच मागवले होते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी.

शर्वाणी ह्या डबीकडं बघे, त्या डबीकडं बघे. जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा...

"वस्ताद... दोन्ही एकच आहेत."

"नाव एक हाय."

"म्हणजे?"

"घाणा येगळा."

तिनं डब्या उलट्या केल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला मुंगीएवढे आकडे छापलेले. आजवर कधी बघितले नव्हते. एकीवर एक आकडा, दुसरीवर दुसरा. एका हातची, एका पिठाची चकली, पण पहिला घाणा खुसखुशीत आणि दुसरा तेल प्यालेला. दिवाळीला घराघरात होतं ते. कारखान्यात होत नसेल, असं तिला का वाटलं होतं कोण जाणे.

"मग महाग चांगली, का स्वस्त चांगली?" तिनं विचारलं. आवाज आता वेगळा होता.

"कुणाला?"

"म्हणजे... मला."

"तू गोळी खातीस व्हय?"

शर्वाणीनं बंदुकीकडं बघितलं. नळीच्या तोंडाशी मेणाचा काळसर ओघळ आला होता. सकाळी बघितला असता तर पुसून काढला असता.

त्या रात्री पुण्याची बॅग भरताना पप्पा म्हणाले, "बाळा, बंदूक पुसून घे की. परीक्षेला जायचं आणि मळकी नळी?"

"मळकी नाही, पप्पा," ती म्हणाली. "जेवलेली आहे."

पुण्याच्या रेंजवर काय थाट! लांबच लांब पडवी, पोरींची रंगीत जाकिटं, दरेकीच्या बाजूला छोटा पडदा. गोळी सुटली की पडद्यावर ठिपका उमटायचा, कागदाची भानगडच नाही. शेजारच्या चटईवर चंद्रपूरची दुर्गा बोरकुटे. गेल्या साली शर्वाणीला केसानं हरवलं ते हिनंच. गोड पोर, पण चटईवर पडली की दगड.

सामन्याआधी सरावाच्या गोळ्या असतात. त्या जमेस धरत नाहीत. प्रत्येकीनं एक मारायची, पडद्याकडं बघायचं, नेमाचा स्क्रू पिळायचा, असं सुरू झालं.

शर्वाणीनं पहिली मारली. ठिपका गोलाबाहेर, डावीकडं खाली.

हात आपसूक स्क्रूकडं गेला...

आणि थांबला.

रात्रभर गार पडलेली नळी. तवा अजून तापायचा होता.

तिनं पिशवीतून टॉवेल काढला आणि सरळ पडद्यावर टाकला.

मागं बसलेल्या लोकांत कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "कोल्हापूरच्या पोरीचं डोकं फिरलं." पंच लगबगीनं आला.

"मॅडम, स्क्रीन झाकलीत?"

"उघडी ठेवलीच पाहिजे असा नियम आहे का, सर?"

पंचानं डोकं खाजवलं, दुसऱ्या पंचाकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले. नियम नव्हता. असा वेडेपणा कुणी करील, हे नियम करणाऱ्याला सुचलंच नसेल.

शर्वाणी मारत राहिली. कशावर? समोर गोल होता खरा. पण तिच्या मनासमोर खाणीतली तांबडी माती होती, आणि मातीचा भपकारा उठून शांत खाली बसत होता. शेजारी स्क्रूंची करकर चालली होती. कुणी उसासे टाकत होती, कुणी स्वतःवर चरफडत होती. शर्वाणीला काही ऐकू आलं नाही.

वेळ संपत आली तसा तिनं टॉवेल उचलला.

पडद्यावर सुरवातीचे ठिपके भरकटलेले. मग जवळ आलेले. मग आणखी जवळ. आणि शेवटचे सगळे एकावर एक, दहाच्या आतल्या ठिपक्यात, जशी कुणी मधोमध तीट लावावी.

स्क्रूला तिनं बोट लावलं नव्हतं.

मग सामना झाला, आणि तो काय सांगावा! पहिली दहा. दुसरी दहा. तिसरी दहाच्याही पोटात. वारा आला, झेंडे फडफडले, साऱ्या पोरी थांबल्या. शर्वाणीही थांबली. वारा गेला, तिनं मारली, दहा. मधे एक नऊ पडली. मागून कुणीतरी चुकचुकलं. तिनं त्या नऊकडं असं बघितलं, जसं दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडं बघावं, आणि पुढची गोळी नळीत सारली. दहा. दहा. दहा.

शेजारची दुर्गा तोडीस तोड होती. शेवटापर्यंत दोघी पुढं-मागं, मागं-पुढं. लोकांनी बसायचं सोडलं, उभं राहून बघायला लागले. दुर्गाची शेवटची गोळी नऊवर गेली.

शर्वाणीची शेवटची एक उरली होती.

तिनं डोळा मिटला, उघडला, श्वास अर्धा सोडला...

मधोमध!

कोल्हापूरकरांनी जो गलका केला म्हणता! कुणी शिट्ट्या घातल्या, कुणी हलगी आणली होती ती कडाडली, पंच "शांतता, शांतता" करत राहिले आणि स्वतःच हसत राहिले. राज्याच्या संघातली शेवटची जागा, नाव शर्वाणी इंगवले, भोंग्यातून तीनदा पुकारलं. पप्पांना रडू आवरेना. शर्वाणीच्या डोक्यावर कुणीतरी ओंजळभर गुलाल ओतला, केसांतून, भुवयांतून, जाकिटातून गुलाल. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या नाकाची आठवण राहिली नाही.

वस्ताद कुठं होते? मागच्या बाकावर, चपला काढून, मांडी घालून. टाळ्या वाजवत होते. लहान पोरं वाजवतात तशा, दोन्ही हात लांब नेऊन.

तेवढ्यात आईबापांचा घोळका आला. "कोणती गोळी? बेटा, कोणती गोळी वापरलीस?" एकच घाई. निळ्या डबीचं नाव ऐकलं की जो तो फोन कानाला लावून पळत होता. कुणी तिला आणखी काही विचारलं नाही.

सगळ्यांच्या शेवटी दुर्गा आली. डोळे पुसलेले, पण चेहरा नितळ.

"ताई, भारी मारलं जी तुमी," ती म्हणाली. "राग नोका मानू, मलेही सांगसान का, कोनती गोळी?"

शर्वाणीनं तिच्याकडं बघितलं. पुढच्या साली हीच शेजारच्या चटईवर असणार होती.

तिनं डबी काढली, झाकण उघडून आत बोट दाखवलं. "नाव नुसतं घेऊ नको. हा आकडा बघ. ह्या घाण्याची."

दुर्गानं आकडा दोनदा तोंडानं म्हटला, हसली, आणि पळाली.

शर्वाणी वस्तादांजवळ जाऊन बसली. गुलालाचं बोट त्यांच्या पायांना लागलं. वस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचाही हात लाल झाला.

"वस्ताद, रागावलात?"

"कशापायी?"

"तिला आतला आकडासुद्धा सांगितला मी. झाकून ठेवायला हवा होता का?"

वस्ताद दूर बघत होते. दुर्गा पडवीच्या टोकाला पोचली होती, आकडा म्हणत...

"तिच्या नळीला ती गोळी मानवली तर?"

"तर एखादी मॅच जिंकंल."

"आणि नाही मानवली तर?"

वस्तादांनी एका पायात चप्पल घातली. मग दुसऱ्या पायात.

"तर आपली आपण हुडकंल, आन् तुला हरवंल."